पाठवणीचं टेबल

विद्यापीठातल्या आमच्या रक्तदान शिबिरात सगळ्यात शेवटी एक टेबल असतं. त्याला आम्ही पाठवणी म्हणतो. आधी नाव-पत्ता, मग वजन, मग बोटाला टोचणं, डॉक्टरांचे प्रश्न, खाट, आणि खाटेवरून उठलं की पाठवणी. रक्त दिलेल्या माणसाला लगेच सोडायचं नसतं. त्याला बसवायचं, चहा-बिस्किटं पुढे करायची, इकडचं तिकडचं बोलत त्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची. ओठांवर रंग परत आला, कपाळ कोरडं झालं, की म्हणायचं, निघा आता. हे काम माझं. मी नीरजा, संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. रक्तपेढीची माणसं फक्त रक्त घ्यायला येतात. खुर्च्या मांडण्यापासून केळी आणण्यापर्यंत बाकी सगळं आम्ही विद्यार्थीच करतो.

माझ्या शेजारी आमोद बसतो. तो सदाशिव पेठेतला आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण टेबलावर त्यानं स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: ‘येथून निघताना "जातो" म्हणू नये. "येतो" म्हणावे, व यावे. चहा फुकट नाही.’

लोक पाटी वाचून हसायचे, ‘येतो हं’ म्हणायचे, आणि खरंच यायचे. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. तेवढे दिवस भरले की आमचा मेसेज जायचा आणि ओळखीचे चेहरे दारात दिसायचे. मी हौसेनं त्याचा आलेखही काढला होता. पाटी लागल्यापासून परत येणारे वाढले होते. शब्दाचा परिणाम होतो, एवढंच मी त्यातून काढलं.

शिबिराची जागा म्हणजे जिमखान्यामागचा जुना दगडी हॉल. छत उंच. तावदानांना कधीतरी पांढरा रंग फासलेला, त्यामुळे आतला उजेड पातळ ताकासारखा. फरशी इतकी थंड की मे महिन्यात चप्पल काढून बसावंसं वाटतं. स्पिरिट, पिकलं केळं आणि उकळून उकळून काळा झालेला चहा, या तिन्हींचा मिळून एक वास तिथे असतो. तो मला अजून कपाटातल्या ओढणीला येतो. टेबलामागे खुर्च्या तीन मांडायच्या, ही आमच्या आधीच्या मुलांची पद्धत. आम्ही बसायचो दोघंच. तिसरीवर काही ठेवायचं ठरवलं तरी ते खाली जमिनीवरच ठेवलं जायचं, याचा मी तेव्हा कधी विचार केला नव्हता.

जानेवारीतल्या शिबिराला राजनंदिनी आली. पहिल्या वर्षाची मुलगी, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीची. मोठ्यानं हसायची. अंगानं भरलेली, गालांवर उन्हातून आल्यासारखी लाली. तिच्या बोटातला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला तेव्हा तो दगडासारखा तळाला गेला. थेंब बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर माणूस परत पाठवायचा, अशी ती साधी परीक्षा. रक्तपेढीचे रिसबूड सर म्हणाले, ‘‘वा! विदर्भातलं लोखंड आहे.’’

रक्त देऊन ती आमच्या टेबलाशी आली, दोन केळी खाल्ली, चहा संपवला आणि उठली.

‘‘चला ताई, चालली मी.’’

आमोदनं मान वर न करता पेनानं पाटीवर टकटक केलं.

‘‘अहो पण दादा, मी खरंच जाऊन राहिली ना! लेक्चर आहे माझं.’’

‘‘आम्ही कुठे अडवतोय? फक्त क्रियापद बदला.’’

‘‘काय एकेक पुणेकर हो तुम्ही! बरं बापा.’’ तिनं टेबलावर दोन्ही तळवे टेकवले, वाकून नाटकी नमस्कार केला. ‘‘येते.’’

‘‘ये हं,’’ असं उत्तर मिळालं, आणि ती हसत उन्हात निघून गेली.

*

फेब्रुवारीतली एक दुपार. मी लायब्ररीकडे निघाले होते. जिमखान्यामागून वाट जवळची पडते. हॉलच्या बंद दारापाशी राजनंदिनी उभी होती. कडीला कुलूप होतं आणि तिचा हात कुलपावर होता, आत कुणीतरी आहे आणि आता उघडेलच अशा अपेक्षेनं.

‘‘अगं, इथे काय करतेस?’’

‘‘आज शिबिर नाही का, ताई?’’

‘‘ते एप्रिलमध्ये. आणि तुझे चार महिने कुठे भरलेत अजून?’’

‘‘हो ना.’’ ती विचार करत राहिली. ‘‘मी वर्गात बसून राहिली होती. सर फळ्यावर लिहीत होते. मग इथं.’’

स्वयंपाकघरात येऊन उभं राहावं आणि काय घ्यायला आलो तेच आठवू नये, तसा तिचा चेहरा होता. मी तिच्या पायांकडे पाहिलं. एकात चप्पल होती. दुसरा पाय अनवाणी, घोट्यापर्यंत धुळीनं माखलेला.

‘‘अगं बाई!’’ ती हसली. मीही हसले. परीक्षा जवळ आल्या की मुलांचं असं होतं. आमच्या वर्गातला एकजण शर्ट उलटा घालून तोंडी परीक्षेला बसला होता.

मार्चमध्ये कोथरूडच्या एका सोसायटीनं आम्हाला बोलावलं. रविवार होता. पार्किंगमधल्या गाड्या हलवून तिथे खाटा लावल्या. टेबल सोसायटीचं, प्लॅस्टिकचं, गणपतीच्या मंडपातलं. त्यामागे सवयीनं खुर्च्या तीनच. हे शिबिर सोसायटीपुरतं होतं, विद्यापीठात कुणाला कळवलं नव्हतं. सकाळची गर्दी ओसरली आणि फाटकातून राजनंदिनी आत आली. केस ओले, कानामागे शाम्पूचा फेस तसाच. वसतिगृहातल्या घरच्या कपड्यांत.

‘‘तुला कुणी सांगितलं इथलं?’’ आमोदनं विचारलं.

‘‘कोणी नाही, दादा.’’

‘‘मग आलीस कशी?’’

‘‘बसनं.’’ मग ती थांबली. ‘‘माहीत नाही.’’

रिसबूड सरांनी तिला रक्त देऊ दिलं नाही, तो प्रश्नच नव्हता. ती नेमानं पाठवणीच्या टेबलाशी येऊन बसली. चहा घ्यायला तिनं हात पुढे केला तेव्हा बाही वर सरकली. कोपराच्या खळीत कापसाचा बोळा होता, त्यावर चिकटपट्टी.

आता ही चिकटपट्टी मी कापते. शिबिराच्या सकाळी रोलमधून तुकडे कापून टेबलाच्या कडेला ओळीनं लावून ठेवते, आणि प्रत्येकाचं एक टोक दुमडते, म्हणजे घरी काढताना नख लावावं लागत नाही, लव ओढली जात नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. दुसऱ्या कुणाला करताना मी पाहिलेलंही नाही. राजनंदिनीच्या हातावरच्या पट्टीचं टोक दुमडलेलं होतं.

‘‘हे कधी?’’

तिनं आपल्या हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसं पाहिलं. ‘‘तुम्हीच लावली ना, ताई?’’

मी पट्टी उचलली. बोळा ओला होता. ताजा.

रिसबूड सरांना बोलावलं. त्यांनी तिच्या बोटातून थेंब काढला आणि निळ्या पाण्यात सोडला. थेंब खाली गेला नाही. कुणाच्या तरी गळ्यातून ओघळलेल्या मण्यासारखा पाण्यावर तरंगत राहिला, लाल, एकटा.

‘‘कुठे रक्त देऊन येतेस, बाळ?’’ सर म्हणाले. ‘‘रागावणार नाही. खरं सांग.’’

‘‘इथंच, सर. तुमच्याकडंच.’’

सर माझ्याकडे बघत राहिले. मी आमोदकडे. थोड्या वेळानं तिचा चहा संपला, ती उठली आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, ‘‘येते.’’

मी अजून आमोदकडेच पाहत होते. त्याचं तोंड बिस्किटानं भरलेलं होतं.

‘‘ये हं,’’ कुणीतरी म्हणालं.

*

सामान टेम्पोत चढवताना मी त्याला विचारलं, ‘‘मघाशी ती निघाली तेव्हा ‘ये हं’ तू म्हणालास?’’

‘‘तूच म्हणतेस ना नेहमी?’’

‘‘मी ‘सावकाश जा’ म्हणते. सगळ्यांना. कुणालाही विचार.’’

आमोदनं खुर्ची खाली ठेवली. त्यालाही आवाज आठवत होता, आणि दोघांनी मिळून आठवला तेव्हा तो अधिकच स्पष्ट झाला. वयस्कर बाईचा आवाज. आतल्या खोलीतून, हात पुसता पुसता दिलेला. लाडाचा. पाहुणी पोर निघाली की तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायच्या आत द्यावा तसा. त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच आम्ही तो इतके दिवस ऐकूनही ऐकला नव्हता.

‘‘सोपं आहे मग,’’ आमोद म्हणाला. ‘‘पुढच्या वेळी तिला ‘जाते’ म्हणायला लाव. सुटेल बिचारी.’’

बोलून झाल्यावर त्याचाच चेहरा उतरला. कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेलं माणूसही आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाही. जे परत यायचे नसतात त्यांच्याविषयी मागच्यांनी तो शब्द वापरायचा, तोही चाचरत. ‘येते’ म्हणाली म्हणून ती येत होती. आणि दुसरा शब्द तिला द्यायची आमच्यात छाती नव्हती.

त्यानं पाटी काढून टेम्पोच्या ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवून दिली. मी संख्याशास्त्राची. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण असतं असं नाही, हे मी ज्युनियर मुलांना शिकवते. त्या संध्याकाळी घरी विश्रांतवाडीला जाईपर्यंत मी ते वाक्य मनात म्हणत राहिले, जप करावा तसं.

*

राजनंदिनी येत राहिली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेतून उठून आली. सुपरवायझरनं हाक मारली तरी तिनं मागे पाहिलं नाही, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. हॉलच्या पायरीवर ती शांत बसलेली सापडायची. प्रत्येक वेळी कोपराच्या खळीत नवी पट्टी, टोक दुमडलेली. गालांवरची लाली गेली, मग ओठांची, मग नखांच्या खालची. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त कुठून वाहत नव्हतं, कुठे मुरत नव्हतं, तरी कमी होत होतं. लोहाची इंजेक्शनं झाली. शेवटी बाहेरचं रक्त चढवलं. ते रक्त आमच्याच कुठल्यातरी शिबिरातलं असेल. दोन दिवस तिचा चेहरा उजळला. मग ते रक्तही निघून गेलं.

दवाखान्यातले डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, असंच चाललं तर हृदयाला झेपणार नाही. घरच्यांना बोलवून घ्या.

तिची आई आली. विमलाबाई. आर्वीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वडील नव्हते. बाई बारीक, ताठ. सुती पातळ, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यांनी वसतिगृहातून लेकीचं सामान बांधलं, वर्ध्याच्या गाडीची तिकिटं काढली. स्टेशनात गाडी लागलेली असताना लेकीचा हात त्यांच्या हातात होता. बाटलीचं झाकण लावायला त्यांनी तो क्षणभर सोडला. आम्हाला राजनंदिनी हॉलच्या पायरीवर सापडली.

त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर बसून विमलाबाई लेकीची वेणी घालत होत्या. ती झोपेत असल्यासारखी मान खाली घालून बसली होती. मी त्यांना सगळं सांगितलं. पाटीचं, पट्टीचं, थेंबाचं. सांगताना माझं मलाच ते खरं वाटत नव्हतं. त्यांनी मध्ये एकदाही मला अडवलं नाही.

‘‘तिनं कोणाले म्हटलं ‘येते’?’’ शेवटी त्यांनी विचारलं.

‘‘आम्हालाच, काकू. म्हणजे गमतीनं.’’

‘‘आणि ‘ये’ कोण म्हणालं?’’

‘‘माहीत नाही. बाईचा आवाज होता. शेजारून आला.’’

‘‘म्हणजे म्हणालं कोणीतरी,’’ त्या म्हणाल्या आणि वेणीचे पेड पुन्हा हातात घेतले. मग त्या अगदी खालच्या सुरात म्हणू लागल्या, लेकीच्या केसांना सांगावं तसं:

*‘येते’ म्हणून बोलली, लेक दारात थांबली,*
*तिच्या बोलाची गं दोरी, साता गावांले लांबली.*

‘‘आमची आई म्हणे दळताना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आम्ही पोरी हासत होतो. दोरी कशी लांबते म्हणून.’’ त्यांनी वेणीला रिबीन बांधली. ‘‘तुमचं शिबिर कधी आहे आता?’’

‘‘शनिवारी.’’

‘‘मी येईन तिले घेऊन.’’

*

शनिवारी ऊन रणरणत होतं. सकाळभर गर्दी झाली. पाटी नव्हती तरी सवयीनं लोक ‘येतो’ म्हणत होते आणि दरवेळी मी कान टवकारत होते. पण कुणालाही उत्तर मिळालं नाही. मी ‘सावकाश जा’ म्हणत होते, आमोद मान डोलवत होता. त्यानं दिवसभरात एकही टोमणा मारला नाही.

दुपारी रक्तपेढीची माणसं डबे घेऊन बाहेर झाडाखाली बसली. तेव्हा विमलाबाई आल्या. राजनंदिनीला त्यांनी दंडाला धरून आणलं होतं. तिला चालवत नव्हतं, आणि तरी दारातून आत आल्यावर तिची पावलं आपोआप टेबलाकडे वळली. मी तिला बसवलं. तिचा हात हातात घेतला तर तो नुकत्याच धुतलेल्या भांड्यासारखा गार.

‘‘मलेही द्या चहा,’’ विमलाबाई म्हणाल्या.

आमोदनं दिला. त्यांनी उभ्यानंच तो घेतला, शेवटच्या घोटापर्यंत. कप खाली ठेवला. पदरानं ओठ टिपले.

मग त्या आमच्याकडे पाहीनात. आमच्या शेजारच्या तिसऱ्या खुर्चीकडे पाहू लागल्या.

‘‘बाई,’’ त्या म्हणाल्या. शाळेत पालकांशी बोलतात तसा आवाज, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ‘‘पोर लहान आहे. तिनं हासत म्हटलं. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. म्हटलं तर म्हटलं.’’

वर पंखा फिरत होता. टेबलाच्या कडेला माझ्या पट्ट्यांची ओळ हलत होती.

‘‘पण तिचं अजून सगळं व्हायचं आहे.’’

खुर्ची रिकामी होती. मी मुद्दाम नीट पाहिलं. रिकामीच होती.

‘‘मी शब्दाची पक्की आहे. कोणालेही विचारा. तिचा शब्द मी घेते.’’

‘‘काकू,’’ मी म्हणाले, ‘‘नका.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, कुणाच्या घरून निघताना घेतात तसा.

‘‘तिच्याऐवजी मी येते.’’

बाहेर कुणीतरी डबा उघडताना हसलं.

कपातल्या चहाच्या साक्यावर एक माशी बसली. उडाली.

आमोदचा हात माझ्या मनगटावर होता. तो कधी आला ते मला कळलं नव्हतं.

काहीच नाही.

काहीच नाही. आणि मला वाटलं, झालं, हे सगळं आमच्याच मनाचं होतं.

‘‘ये हं.’’

अगदी शेजारून. आणि त्यात आनंद होता. खरा, मनापासूनचा.

विमलाबाईंनी मान हलवली, व्यवहार झाल्यासारखी. लेकीला उठवलं. ‘‘चाल. काही बोलू नको. नुसती चाल.’’

राजनंदिनी उठली. दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर तिचं पाऊल अडखळेल असं मला वाटलं. ते अडखळलं नाही. त्या दोघी उन्हात गेल्या, आधी लेक, मागून आई, आणि त्या संध्याकाळच्या गाडीनं घरी पोहोचल्या.

*

महिन्याभरात राजनंदिनीचं रक्त वाढलं. ‘थेंब बुडाला!’ असा तिचा मेसेज आला, पुढे नाचणारी बाहुली. तिथल्या डॉक्टरांना वाटलं पुण्याचं पाणी बाधलं असेल. वर्ष वाया गेलं होतं, पण पुढच्या वर्षी पुन्हा ॲडमिशन घेईन म्हणाली. ‘पुन्हा येईन’ असं तिनं लिहिलं नाही. ते तिनं मुद्दाम टाळलं की सहज, मी विचारलं नाही. अधूनमधून फोटो पाठवायची. आईबरोबर शेतातला, आईबरोबर बाजारातला. गाल पुन्हा लाल.

आम्ही हॉल बदलला नाही. खुर्च्या मात्र दोनच मांडू लागलो. जुलैचं शिबिर पावसातही नीट पार पडलं, काही ऐकू आलं नाही. ऑक्टोबरच्या शिबिरात तर विक्रमी गर्दी झाली. आमोद पुन्हा लोकांना टोचून बोलायला लागला होता. ‘‘सुई बघून डोळे मिटलेस, आता बिस्किटं बघून उघड,’’ असं त्यानं एका दांडगट कबड्डीपटूला ऐकवलं, आणि मला बरं वाटलं.

दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा राजनंदिनीचा व्हिडिओ कॉल आला. आर्वीच्या घरातली हिरवी भिंत, खिडकीत उन्हं, मागे कुकरची शिट्टी. ती भरभरून बोलत होती. कुठलासा कोर्स लावलाय, मावसभावाचं लग्न ठरलंय, वजन इतकं वाढलंय की जुने ड्रेस बसत नाहीत. मी नुसती तिच्याकडे पाहत होते. एवढं लालभडक, जिवंत तोंड.

‘‘थांब ताई, आईला देते. दूध उतू जाऊन राहिलं माझं,’’ ती म्हणाली आणि फोन हलला.

विमलाबाई समोर आल्या. नेहमीसारख्याच. थोड्या उतरल्या होत्या, पण या वयात शाळेची दगदग असतेच. चष्मा पुसून त्यांनी तो नाकावर चढवला.

‘‘कशी आहेस, पोरी?’’

‘‘मी मजेत, काकू. राजनंदिनीला बघून इतकं छान वाटलं.’’

‘‘हो ना. सुधरली पोर.’’ त्यांनी मागे वळून पाहिलं, लेक आत आहे याची खात्री केली आणि फोन जवळ घेतला. ‘‘मघाशी तुझ्याशी बोलता नाही आलं. केवढी गर्दी होती बाई तुमच्याकडं.’’

‘‘कधी, काकू?’’

‘‘सकाळी. येऊन गेली मी.’’

माझ्या मागे आमोद कुणाला तरी चहा ओतत होता. कपात चहा पडायचा आवाज मला फार लांबून येत होता.

‘‘त्या बाई स्वभावानं चांगल्या आहेत,’’ विमलाबाई म्हणाल्या. शेजारी नव्या राहायला आलेल्या कुणाबद्दल बोलावं तितक्या सहज. ‘‘फार एकट्या आहेत पण. बोलायले कोणी नाही. मले उठूच देत नव्हत्या. मग मीच म्हटलं, आता पोरीचं सगळं मार्गी लागलं, पुढच्या खेपेले राहायलेच येते.’’